म्हणजे कंपाउंडरच ना? : सुनंदास पत्र

आर्वाडा, कोलोरॅडो

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. पहिल्या वर्षाच्या शेवटच्या परीक्षा चालू होत्या आणि तुला घाईने चार ओळी खरडून पाठवणे मला नको होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. "फिजिशियन असिस्टंट म्हणजे आपल्याकडचा कंपाउंडरच ना? मग चाळिशी उलटल्यावर एवढा आटापिटा कशासाठी?" असे तू विचारले आहेस. आरोग्य केंद्रात वीस वर्षे परिचारिका म्हणून काम केलेल्या मैत्रिणीने विचारलेला हा प्रश्न आहे, त्यामुळे त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

कंपाउंडर हा शब्द वाचून क्षणभर वाईट वाटले, हे खरे. पण या पेशाच्या मुळाशी खरोखरच एक कंपाउंडर आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या गारलंड या लहानशा गावात डॉ. एमोस जॉन्सन यांचा दवाखाना होता आणि त्यांनी हाताशी धरून शिकवलेले हेन्री ली ट्रेडवेल नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ डॉक्टर बाहेरगावी गेले की तो दवाखाना सांभाळत. ड्यूक विद्यापीठाचे डॉ. यूजीन स्टेड यांना हे ठाऊक होते. खेड्यापाड्यांत डॉक्टर पुरत नाहीत, आणि नौदलात जखमींवर उपचार करून आलेल्या अनुभवी माणसांना नागरी जीवनात त्या कौशल्याचे काम मिळत नाही, या दोन अडचणी त्यांनी एकत्र पाहिल्या आणि १९६५ साली नौदलातल्या अशा चौघांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. त्यांपैकी तिघे ६ ऑक्टोबर १९६७ रोजी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. तेव्हा तुझी तुलना अगदीच चुकीची नाही. फरक एवढाच की ट्रेडवेल जे एका डॉक्टरच्या विश्वासावर करत होते, त्याला पुढे अभ्यासक्रम, राष्ट्रीय परीक्षा आणि कायद्याचा परवाना मिळाला. आज फिजिशियन असिस्टंट रुग्ण तपासतो, निदान करतो, औषधे लिहून देतो आणि शस्त्रक्रियेत सर्जनच्या समोर उभा राहून मदत करतो.

मी शिकते ते रेड रॉक्स कम्युनिटी कॉलेज. कम्युनिटी कॉलेज म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालणारे, तुलनेने कमी शुल्काचे सरकारी महाविद्यालय, जिथे एका इमारतीत वेल्डिंग शिकवतात आणि दुसऱ्या इमारतीत शरीररचनाशास्त्र. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांच्या पदव्या मिळतात, पण या पेशासाठी आता पदव्युत्तर पदवी आवश्यक झाल्यामुळे आमच्या कॉलेजातही या अभ्यासक्रमाला मास्टर्सची पदवी देतात. माझ्या सांगलीच्या बी.एस्सी.चे मूल्यमापन करून घ्यावे लागले, राहिलेले विषय संध्याकाळच्या वर्गांत पूर्ण करावे लागले आणि प्रवेशाला रुग्णसेवेचा अनुभव लागतो म्हणून एका दवाखान्यात मेडिकल असिस्टंटचे काम करावे लागले. रक्तदाब मोजायचा, इंजेक्शने द्यायची, खोली आवरायची. ती वर्षे वाया गेली असे मला एकदाही वाटले नाही. माझ्या वर्गात रुग्णवाहिकेवर रात्रपाळ्या केलेला एक जण आहे आणि सैन्यात मेडिक असलेली एक मुलगी आहे. डॉ. स्टेड यांच्या पहिल्या वर्गातली माणसे अशीच होती, हे मला फार मोलाचे वाटते.

अभ्यास मात्र जड आहे. डॉक्टरांच्या शिक्षणाचाच गाभा, पण फार थोड्या काळात दाबून बसवलेला. आम्ही एकमेकांच्या पाठीवर बोटे ठोकून फुफ्फुसांचा आवाज ओळखायला शिकलो आणि डुकराच्या पायांवर टाके घालायला शिकलो.

पण तुला सांगायचे आहे ते एका परीक्षेविषयी. या परीक्षेत प्रशिक्षित व्यक्ती रुग्णाची भूमिका करते आणि आपण तिची तपासणी करायची असते. माझ्यासमोर साधारण पन्नाशीची, मधुमेह असलेली बाई बसली होती. दोन दिवस छातीत 'दाटल्यासारखे' होते, मळमळते, थकवा येतो, असे ती म्हणाली. मी इंग्रजीत प्रश्न विचारते, पण दुखण्याची वर्गवारी माझ्या मनात अजून मराठीतच होते: कळ, ठणका, चमक, ठसठस, जळजळ, मुंग्या. मळमळ ऐकताच मी तिचे दाटणे जळजळीत ढकलले, पित्त ठरवले आणि आम्लतेची गोळी लिहून दिली. ईसीजी काढायला सांगितलाच नाही. मधुमेही बाईला हृदयविकाराचा झटका असाच, ठळक कळ न येता येऊ शकतो, हे मी पुस्तकात दोनदा वाचलेले होते.

परीक्षा घेणाऱ्या आमच्या शिक्षिकेने नापासाचा शेरा दिला आणि मला बाजूला बसवून विचारले, "तुला खात्री नव्हती, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसत होते. मग ते बोलली का नाहीस?" सुनंदा, त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप आली नाही. मला खरोखरच शंका आली होती, पण परीक्षेत उत्तर द्यायचे असते या सवयीने मी ती गिळली. या पेशात आपले ज्ञान कुठे संपते हे ओळखणे आणि त्याच क्षणी डॉक्टरांना बोलावणे हे उपचाराइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि ते मला औषधांच्या मात्रांपेक्षा कठीण जाते. फेरपरीक्षेत मी उत्तीर्ण झाले.

आता तुझ्या मधुराविषयी. तिने हेच शिक्षण घ्यावे का, असेही तू विचारले आहेस. चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ साली हे शिक्षण आपल्या देशात सुरू केले आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यातही या पेशाचा समावेश झाला आहे, तेव्हा तिला ते मनापासून आवडत असेल तर तिने तिथेच जरूर शिकावे. मात्र त्या पदवीवर अमेरिकेत काम मिळेल या आशेने शिकू नये. इथली राष्ट्रीय परीक्षा इथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झालेल्यांनाच देता येते, हे तिला आत्ताच स्पष्ट सांग. त्या परीक्षेत पाच तासांत ३०० प्रश्न असतात आणि नंतरही दर दोन वर्षांनी १०० तासांचे शिक्षण दाखवावे लागते.

सोमवारपासून माझे फॅमिली मेडिसिनचे रोटेशन, म्हणजे त्या विभागात प्रत्यक्ष रुग्णांसोबत शिकण्याची पाळी, सुरू होते. मग बालरोग, स्त्रीरोग, शस्त्रक्रिया, तातडीचा विभाग आणि मानसिक आरोग्य. त्याआधी तुझ्याकडे एक मागणे आहे. तुझ्या केंद्रात येणाऱ्या बायका छातीच्या, पोटाच्या, डोक्याच्या दुखण्याला जे जे शब्द वापरतात ते जसेच्या तसे लिहून पाठव, आणि त्या शब्दामागे शेवटी कोणता आजार निघाला तेही आठवेल तिथे लिही. 'दाटते' हा शब्द सर्वांत आधी घे.

काकांना नमस्कार.

तुझी,
वैशाली