घाटात तापणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

महोदय,

उन्हाळ्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि भेरूघाटात ताकदवान ऑटोमॅटिक गाड्या ट्रकांमागे रांगतात. इतक्या कमी वेगात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, म्हणजे त्याच्या दोन बाजू एकमेकींना जखडल्या जात नाहीत; त्यांच्यातली सारी घसरण गिअरबॉक्सच्या तेलात उष्णता होऊन उतरते. या तेलाला 80 ते 95 अंश सेल्सिअस ठीक. 120 च्या वर तेल झपाट्याने करपते, सील कडक होतात, क्लचप्लेटा घसरतात. इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र जागचा हलत नाही! म्हणून ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे उपकरण) गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान पाहावे. चढावर खालचा गिअर धरावा. तापल्यास कडेला थांबून ‘पी’मध्ये (पार्क) इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे; बंद केल्यास पंप थांबतो, तेल कूलरपर्यंत जातच नाही. ‘आयुष्यभर गिअरबॉक्सचे तेल बदलू नका’ हा सल्ला इथल्या उन्हात घातक आहे.

– एक वाहनतंत्रज्ञ, इंदूर