दशावतार महोत्सवासाठी आवाहन: व्यापारी, होमस्टेवाले आणि चाकरमानी मंडळींस

सप्रेम नमस्कार.

येत्या फेब्रुवारीत आपल्या मंडळाचा तीन रात्रींचा दशावतार, म्हणजे आपल्या कोकणच्या लोकनाट्याचा, महोत्सव आहे. कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारात येतीलच. पण दरवर्षी बाजारात एक प्रश्न हमखास कानावर येतो: "नाटकावर एवढे पैसे घालून गावाला काय मिळतं?" प्रश्न रास्त आहे. 'संस्कृती टिकते' एवढ्या उत्तरावर कुणी खिशात हात घालावा, असं आम्हालाही वाटत नाही.

तेव्हा पैसा जातो कुठे ते बघू. मंडप, लाइट, साउंड सगळं तालुक्यातलंच. संध्याकाळी टेम्पोतून पेटारे उतरले की मंडळींचं जेवण गावातल्या बचतगटाकडे. राहिली बिदागी. दशावतारी नट आपला रंग आपणच लावतो, त्यासाठी वेगळा माणूस लागत नाही; आणि त्यांतले बरेचजण पावसाळ्यात इथेच शेतावर राबतात. म्हणजे तोही पैसा फिरून आपल्याच पेठेत. पुढचा खर्च प्रेक्षक करतात. आड दशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, संकासुर राक्षस धुमाकूळ घालून गेला आणि मुख्य आख्यान रंगात आलं की चहाच्या टपरीपुढे रांग लागते. आलं-गुळाचा खाजा घरी नेल्याशिवाय कुणी परतत नाही. सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) घेऊन बसलेल्या बायकांचं पहिलं गिऱ्हाईक तर रंगपटातच असतं: डोक्यात माळायला वळेसर हवा म्हणून स्त्रीपार्टी (बाईची भूमिका करणारे नट) आधी तिकडे माणूस पाठवतात!

अमेरिकेत 'अमेरिकन्स फॉर द आर्ट्स' या संस्थेने २०२२ सालचा असा हिशेब मांडला. ना-नफा कलासंस्थांच्या कार्यक्रमाला आलेला प्रेक्षक तिकिटाखेरीज सरासरी ३८ डॉलर ४६ सेंट खर्च करतो. खाणं, प्रवास, मुक्काम यांवर. तिकडचे डॉलर इथे लावण्यात अर्थ नाही, पण हिशेबाची रीत उचलण्यासारखी आहे. लांब कशाला, कुडाळजवळचं पिंगुळी बघा. चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. त्यांचं संग्रहालय बघायला लोक वाट वाकडी करून येतात. येतात ते जेवतातही आणि रिक्षाही करतात.

महोत्सव फेब्रुवारीत घेण्यामागेही हाच विचार आहे. नाताळचे पर्यटक गेलेले, मे महिन्याचे यायचेत, आंब्याचा पैसा अजून झाडावर. खोल्या रिकाम्या असतात तेव्हाच बाहेरगावचा माणूस गावात थांबायला हवा.

सरकारी अनुदानासाठी आम्ही अर्ज करतोच, आणि ते मिळायलाच हवं; रस्ता-पाण्याइतकाच हाही सार्वजनिक खर्च आहे. पण अनुदान हातात पडायला वेळ लागतो, आणि मंडपवाल्याला तोवर थांब म्हणता येत नाही. शिवाय घरचं काही जमवलं असेल तर साहेबांपुढे बोलायला तोंड राहतं.

होमस्टेवाल्यांनी कलाकारांसाठी एकेक खोली द्यावी. दुकानदारांनी जमेल ती रक्कम, नाहीतर तांदूळ, तेल, नारळ द्यावेत. मुंबईकर चाकरमान्यांकडे एक जास्तीचं मागणं आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत पारंपरिक कलाही आहेत. आपल्या कंपनीत योग्य माणसाच्या कानावर एवढं घाला. कागदपत्रं आम्ही पुरवू.

गेल्या वर्षीचा जमाखर्च मंडळाच्या फलकावर लावलेला आहे. उभं राहून वाचा, शंका असेल तर खजिनदारांना धरा. देणगीवरची प्राप्तिकरातली सवलत (८०जी) हवी असल्यास २,००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका, चेकने किंवा ऑनलाइन द्या. जुन्या करपद्धतीत असाल तरच ती मिळते. रक्कम कितीही असो, पावती मात्र मागून घ्या.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते