स्पार्कलिंग वाइनसोबत चीजच कशाला, कोथिंबीर वडी चालते की!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतलं पार्टीच्या खाण्यापिण्याचं पान वाचलं. स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनसोबत काय खावं याची यादी दिलीय, त्यात ऑयस्टर, कॅव्हिआर, ब्री चीज. आपला पेपर येणाऱ्या किती घरांत ऑयस्टर येतात हो? आणि जी वाइन आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात बनते तिच्याबद्दल अख्ख्या पानावर एक ओळ नाही, हे मला खरंच लागलं. आमच्या घरची वाइनच्या द्राक्षांची बाग आहे म्हणून जास्त लागलं असेल, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

महाराष्ट्रात ही वाइन काही काल-परवा आलेली नाही. १९८० च्या दशकात शाम चौगुले यांनी नारायणगावला 'ओमर खय्याम' काढली, पायपर-हाइडसिक या फ्रान्समधल्या शॅम्पेन कंपनीची तांत्रिक मदत घेऊन, आणि ती परदेशातही विकली गेली. जुन्नर तालुक्यातली बाटली तिकडच्या लोकांच्या टेबलावर, त्या काळात! पुढे चौगुल्यांची कंपनी बुडाली आणि आपण नावसुद्धा विसरलो. नंतर नाशिकला सुला, यॉर्क, ग्रोव्हर झांपा या वाइनरी आल्या, आणि २०१३ साली मोएत हेनेसीवाल्यांची शॅंदॉन, त्यांची वाइनरी दिंडोरीतच आहे.

खायच्या द्राक्षाला गोडी बघतात, थॉमसन जितकं गोड तितका भाव. स्पार्कलिंगचं बरोब्बर उलटं. शेनिन ब्लाँ, शार्दने, पिनो न्वार ही द्राक्षं आंबटपणा शिल्लक असतानाच, साधारण १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप) आसपास तोडतात, साध्या वाइनला तीच २२-२३ पर्यंत वेलीवर ठेवतात. तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत क्रेट वाइनरीत पोचले पाहिजेत नाहीतर मणी तापतात आणि रसाचा ताजेपणा जातो. मग आधी साधी वाइन करायची, ती बाटलीत भरताना लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालायचं आणि झाकण ठोकून बंद करायचं, यीस्ट साखर खातं, त्यातून गॅस तयार होतो, त्याला बाहेर जायला वाट नाही म्हणून तो वाइनमध्येच मुरतो, आणि आतला दाब जातो ६ बारच्या घरात, म्हणजे कारच्या टायरच्या अडीच-तीन पट. महिनोन्‌महिने तसंच ठेवल्यावर गाळ बाटलीच्या मानेत उतरवतात, मान गोठवतात, झाकण काढलं की गोठलेला गाळ दाबाने बाहेर फेकला जातो, आणि मग बूच. एवढी मेहनत आणि आपल्याकडे वाढदिवसाला ती बाटली हलवून लोकांच्या अंगावर उडवतात, बघवत नाही. बूच डोळ्याला लागलं तर डोळा जाईल. बाटली चांगली गार करा, बूच हाताने दाबून धरा आणि बाटली फिरवा, बूच नाही.

आता खाण्याचं. तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू का पिळतो? तेलकटपणा कापला जावा आणि मिठाची चव उठावी म्हणून, हेच काम ब्रुटमधला, म्हणजे कमी साखरेच्या स्पार्कलिंगमधला, आंबटपणा आणि बुडबुडे करतात. त्यामुळे तळलेलं आणि खारट ते सगळं हिच्यासोबत मस्त जमतं. गरम कोथिंबीर वडी, वरून तिळाचा कुरकुरीतपणा, आतून मऊ, तिचा घास आणि त्यावर गार ब्रुटचा घोट, पुढचा घास पहिल्यासारखाच ताजा लागतो. साबुदाणा वडा, बटाटेवडा (लसणाची झणझणीत चटणी जरा बाजूला ठेवून), रवा लावलेले बोंबील, पातळ पोह्यांचा चिवडा, सगळं चालतं. माझं मत विचाराल तर बोंबील एक नंबर.

सगळंच जमतं असं मात्र नाही. मिसळीसोबत अजिबात घेऊ नका, आमच्या नाशिकची असली तरी, अल्कोहोल आणि गॅसने तिखट आणखी झोंबतं. तांबड्या रश्श्याचं तेच. पुरणपोळी, श्रीखंड यांच्यासोबत ब्रुट नुसती आंबट लागते कारण ब्रुटमध्ये साखर लिटरला १२ ग्रॅमच्या आतच असते, गोडासोबत घ्यायचीच तर लेबलवर 'डेमी सेक' (म्हणजे जरा गोड) लिहिलेली बघा. आणि उंच निमुळता ग्लास घरात नसला तरी काही अडत नाही, साधा वाइनचा ग्लास पुरे.

ज्यांना प्यायची नाही त्यांनी पिऊ नये, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण पानभर छापायचंच असेल तर पुढच्या वेळी इथल्या एखाद्या वाइनमेकरला फोन करा, यादीत निदान चार पदार्थ आपले घाला, आणि जमलं तर जानेवारीत तोडणी सुरू असताना पहाटे तुमचा फोटोग्राफर दिंडोरीकडे पाठवा.

आपली,
एक वाचक, ता. दिंडोरी, जि. नाशिक