वंशावळीतल्या त्या नावाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर धड बोलणं होत नाही. आई पहिल्या मिनिटाला ‘जेवलीस का’ विचारते आणि दुसऱ्या मिनिटाला बाबा ‘ठेव आता, बिल येईल’ म्हणतात. बिल येत नाही हे मी तीनदा सांगितलंय. म्हणून पत्रच लिहितेय. अक्षर मोठं काढलंय, चष्म्यासाठी घर उलटंपालटं करू नका.

बाबा, तुम्ही गणपतीत विचारलंत, “मॉरिशसची मराठी माणसं म्हणजे आपलीच ना गं?” तेव्हा मी नुसतं ‘हो’ म्हटलं. मग मनात राहिलं की उत्तर पुरतं झालं नाही.

आधी आईचं. इथं मॉरिशसला सकाळी रस्त्याच्या कडेला धोल पुरी मिळते. धोल म्हणजे आपली डाळ. पुरणपोळीतला गूळ काढून हळद-मीठ घातलंस आणि पोळी पातळ लाटलीस की झाली. एकावर एक दोन ठेवतात, म्हणून मागताना ‘एन पेर’, म्हणजे जोडी म्हणायचं. वर घेवड्याची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरची. रांगेत माझ्यापुढे चिनी आजोबा असतात, मागे शाळेची मुलं, आणि सगळे एकाच भाषेत ओरडत असतात, ती क्रेओल. शब्द बरेचसे फ्रेंच, पण मिजास फ्रेंच नाही. मला आता भाव करण्यापुरती येते.

या बेटावर मूळचं असं कोणीच नाही, बाबा. इथला रहिवासी म्हणजे डोडो पक्षी, तोही संपला. डच 1598 मध्ये आले, ऊस आणला, हरणं आणली आणि 1710 मध्ये कंटाळून निघून गेले. मग 1715 पासून फ्रेंच. त्यांनी मादागास्कर आणि मोझांबिककडून गुलाम आणले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांच्या वर मिळाले. ज्यांच्या पाठी सोलल्या त्यांना एक दमडी नाही. सुटल्यावर ते मळ्यांवर राहणार नाहीत हे आधीच दिसत होतं आणि उसाला हात हवे होते, म्हणून आपल्याकडची माणसं. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘ॲटलस’ जहाजातून 36 जण उतरले, आणि पुढच्या साताठ दशकांत जवळजवळ पाच लाख. बहुतेक बिहारकडचे, बरेच मद्रासकडचे, आणि मुंबई बंदरातून निघालेले रत्नागिरी, सातारा, सावंतवाडीचे.

पोर्ट लुईला, म्हणजे इथल्या राजधानीत, आप्रवासी घाट आहे. पूर्वी त्याला कुली घाटच म्हणत. बोटीतून उतरून माणसं 16 दगडी पायऱ्या चढत, त्या अजून आहेत. मी चढले. उंच अशा नाहीतच, आपल्या विहिरीच्या पायऱ्या बऱ्या. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, आणि एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला ते ‘डबल कट’ म्हणत.

सध्या ऊसतोड चालू आहे. ऊस गेला की शेतात काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग उघडे पडतात. या लोकांनी हातांनी वेचून रचलेले. आपण दगड काढून गडगा घालतो, इथं कुंपण घालण्याइतकं स्वतःचं काहीच नव्हतं, म्हणून नुसते ढीग. बसमधून जाताना मी प्रत्येक वेळी बघते. इथल्या लोकांना त्यांचं काही वाटत नाही.

आता तुमचा प्रश्न. गणेश चतुर्थीला इथं सरकारी सुट्टी असते. शेजारच्या आजींनी मला बोलावलं. त्यांना मराठी येत नाही. घरात क्रेओल, नातवंडं शाळेत मराठी शिकतात आणि विसरतात. पण आरतीला उभ्या राहिल्या आणि ‘सुखकर्ता दुखहर्ता’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. नंतर बायका-पुरुषांनी फेर धरला. ते झाकरी म्हणतात. बाबा, ती आपली जाखडीच! पायांचा ठेका अगदी आपल्या वाडीतला. आपल्याकडे आता किती घरांत नाचतात ती?

मला भरून आलं, आणि मी बावळटासारखं म्हटलं, “आजी, तुम्ही तर आमच्याच.” त्या हसल्या. म्हणाल्या, “मो मोरिसियेन.” मी मॉरिशसची. रागानं नाही, तू भात खातेस का विचारावं तितक्या सहज. नंतर पटलं मला. पाच पिढ्यांपूर्वी कोणी कोकणातून गेलं, म्हणून त्यांनी आपली वाट बघत बसायचं की काय?

माझ्या टेबलाशेजारी बसणारी मुलगी आफ्रिकी वंशाची आहे. तिच्यामुळे मी ल मॉर्नचा डोंगर पाहिला. पळालेले गुलाम तिथं लपत. लोक सांगतात की सुटका झाल्याचं कळवायला शिपाई वर गेले, तर ते पकडायलाच आलेत असं समजून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या. खरं किती, खोटं किती, देव जाणे. त्यांचा सेगा नाच मी तिच्या घरी पाहिला. बकऱ्याच्या कातड्याचं रावान, म्हणजे आपल्या डफासारखं वाद्य, वाजवण्याआधी विस्तवावर शेकून घेतात. तिच्या पूर्वजांची नोंद मिळते ती मालकानं ठेवलेल्या नावाची, आणि जन्मस्थान नुसतं ‘मोझांबिक’. गाव नाही, बापाचं नाव नाही. ती मला म्हणाली, “तुमच्याकडे निदान कागद आहे.”

आणि तो खरंच आहे, बाबा. मोका गावात महात्मा गांधी संस्था आहे, तिथं मजुरांची जुनी दफ्तरं ठेवली आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, जात, गाव, वय, उंची, जहाज, आणि पुढेपुढे फोटोसुद्धा. आडनावं मात्र विसरायची. कारकुनाच्या कानावर जे पडलं ते त्यानं इंग्रजीत लिहिलं, आणि मग आज्याचं पाळण्यातलं नावच घराण्याचं आडनाव होऊन बसलं.

तुमच्या वंशावळीत खापरपणजोबांच्या धाकट्या भावापुढे ‘परागंदा’ लिहिलंय. तुम्ही दरवर्षी ते नाव बोटानं दाखवता आणि पान उलटता. मी विचारायला जाणार आहे. तो इथं आला होता की मुंबईच्या गोदीतच राहिला, मला ठाऊक नाही. सापडला तरी त्याचे वंशज आपल्याकडे बघून ‘मो मोरिसियेन’ म्हणतील, त्याची तयारी ठेवा.

तेव्हा एवढं करा. वंशावळीच्या त्या पानाचा फोटो भाच्याकडून काढून पाठवा, स्वतः नका काढू, मागच्या वेळी नुसता तुमचा अंगठा आला होता. थोरल्या काकूंना विचारा, गाव सोडताना त्याचं वय काय सांगत असत, आणि तेव्हा वाडीचं नाव हेच होतं की दुसरं. अंगावर काही खूण होती का, कपाळाला व्रण, बोट तुटलेलं, काहीही. रजिस्टरात खुणा लिहीत असत.

आई, गुडघ्याचं तेल संपत आलं असेल, तर सुमीला सांग. दिवाळीला येतेच आहे.

तुमची,
बाय