एकाच बाटलीतला रंग, पण यावेळी सहा दिवस टिकला

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. घरी लावलेले नेलपेंट दुसऱ्याच दिवशी टोकाकडून निघू लागते, म्हणून आता दिव्याखाली घट्ट करायच्या जेल रंगांचा संच घ्यावा का, असे तू विचारले आहेस. तो आत्ताच घेऊ नकोस, असे माझे मत आहे. पण गेले सात-आठ महिने सुट्टीच्या दुपारी खिडकीशी बसून मी जे जे करून पाहिले, ते सांगितल्याशिवाय हे मत तुला पटणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

तुझी तक्रार तीच माझीही होती आणि मीही दोष बाटलीलाच देत होते. मी नेहमी अंघोळीनंतर लगेच रंग लावायला बसायचे, कारण तेव्हा नखे मऊ आणि स्वच्छ असतात. चूक नेमकी तिथेच होती. नख पाणी शोषून घेते आणि किंचित फुगते. ते वाळून पुन्हा आक्रसते तेव्हा वरचा कडक थर त्याच्याबरोबर आक्रसत नाही, त्याची पकड सुटते आणि टवके उडू लागतात. आता मी हात धुतल्यावर निदान तासभर थांबते, नखांच्या कडा कानशीने सारख्या करते आणि शेवटी रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा प्रत्येक नखावरून फिरवते, म्हणजे हाताच्या क्रीमचा किंवा त्वचेच्या तेलाचा अंशही उरत नाही. मग बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर, त्यावर रंगाचे दोन पातळ थर आणि शेवटी टॉप कोट, म्हणजे वरचा संरक्षक थर. प्रत्येक थर देताना कुंचला नखाच्या टोकाच्या कडेवरूनही ओढून घ्यायचा आणि मुळाशी त्वचेला रंग टेकू द्यायचा नाही, कारण त्वचेवर चढलेला रंग पहिल्यांदा सुटतो आणि त्यातून पाणी आत शिरते. असे केल्यावर, जी बाटली मी टाकून देणार होते, तिच्यातलाच रंग सहा दिवस जसाच्या तसा राहिला. त्या सहाव्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो.

थर पातळ का, हेही सांगते. साध्या नेलपेंटमध्ये नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ इथिल अॅसिटेट आणि ब्युटिल अॅसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेला असतो. द्रावक उडून गेला की मागे पापुद्रा उरतो. वाळणे म्हणजे एवढेच. जाड थर दिला की वरची साय आधी धरते आणि आतला द्रावक कोंडला जातो. म्हणून तासाभराने वाळल्यासारखे वाटणाऱ्या नखावर रात्री पांघरुणाची जाळी उमटते. लवकर वाळवणारे थेंब मी वापरून पाहिले. त्यांनी पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि धक्का निसटून जातो, पण आतला थर त्याच्याच वेळेने कडक होतो.

आता रंगांकडे वळते, कारण खरे सुख तिथे आहे. बाटलीतला रंग आणि नखावरचा रंग एक नसतो, हे मला अनेक बाटल्यांनंतर कळले. गडद मद्याच्या छटेचा लाल बाटलीत काळाच दिसतो, कारण तिथे रंगाची खोली बोटभर असते; नखावर तोच पातळ होऊन उजळतो. उलट दुधी गुलाबी बाटलीत मऊ आणि शांत दिसतो आणि नखावर पहिल्या थराला नुसते पट्टे उमटतात, त्याला तीन थर द्यावेच लागतात. म्हणून मी नवा रंग आधी पारदर्शक कृत्रिम नखांच्या टोकांवर लावते आणि दिवसाच्या उजेडात हाताशेजारी धरून पाहते. पिवळ्या दिव्याखाली निवडलेल्या करड्या छटेने मला दोनदा फसवले आहे. आज आपण गृहीत धरतो तो पूर्ण झाकणारा दाट रंगही फार जुना नाही: १९३२ साली रेव्हलॉनची सुरुवात झाली ती अशाच रंगद्रव्ययुक्त, अपारदर्शक नेल इनॅमलने.

सर्वांत जास्त वेळ मी चुंबकाच्या नेलपेंटवर घालवला. त्यात लोहाचे सूक्ष्म कण असतात. थर ओला असतानाच छोटा चुंबक नखापासून अगदी थोड्या अंतरावर दहा-पंधरा सेकंद स्थिर धरला की कण एका रेषेत गोळा होतात आणि मांजराच्या डोळ्यासारखी उजळ तिरीप उमटते. पाचही नखे रंगवून मग चुंबक घेतला तर पहिले नख तोवर घट्ट झालेले असते, म्हणून एक नख रंगवायचे, तिरीप काढायची आणि मगच पुढच्या नखाकडे जायचे. हात हलवला की ती तिरीप सरकल्यासारखी दिसते. हे तू नक्की करून पाहा. मॅट टॉप कोटही घेच; त्यातल्या बारीक सिलिकामुळे पृष्ठभाग खरखरीत होऊन प्रकाश विखुरतो आणि जुनाच निळा रंग मखमलीसारखा दिसतो. एका बाटलीत सगळा संग्रह दुप्पट होतो.

चमकीच्या बाबतीत मात्र माझे ऐक. ती निघेना म्हणून मी एकदा ती नखाने खरवडून काढली आणि तिच्याबरोबर नखाचा वरचा पापुद्राही सोलला गेला. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला जवळजवळ सहा महिने लागतात. तो पांढरा, खडबडीत डाग तेवढे दिवस मी रोज पाहिला. आता रिमूव्हरचा बोळा नखावर ठेवून वरून फॉइल गुंडाळते, दहा मिनिटे थांबते आणि मग चमकी अलगद पुसली जाते. लाल रंगाखाली बेस कोट न चुकता दे, नाहीतर नखे पिवळी पडतात. घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हर न घालता नेलपेंटच्याच थिनरचे दोन-तीन थेंब घाल. आणि हे सारे ज्वलनशील आहे, तेव्हा खिडकी उघडी आणि ज्योत दूर.

जेलविषयी माझी भीती वेगळी आहे. ते द्रावक उडून वाळत नाही. त्यातली अॅक्रिलेट आणि मेथाक्रिलेट रसायने अतिनील प्रकाशाने एकमेकांत गुंफली जातात. गुंफण पुरी झाली नाही, किंवा न वाळलेला जेल त्वचेला पुन्हा पुन्हा लागला, तर अॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की बहुधा आयुष्यभर राहते. याच कुळातली रसायने दातांच्या भरावात वापरतात, त्यामुळे प्रश्न नखांपुरता उरत नाही. शिवाय दिवा आणि जेल एकमेकांशी जुळणारे नसले तर वरून कडक दिसणारा थर आत कच्चाच राहतो, आणि घरी बसून ते ओळखता येत नाही. युरोपीय संघाने हेमा हे त्यातले रसायन नखांच्या उत्पादनांत केवळ व्यावसायिक वापरापुरते ठेवले आहे आणि प्रकाशाने जेल घट्ट होण्याची क्रिया सुरू करणाऱ्या टीपीओ नावाच्या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे. साधे नेलपेंट सर्वस्वी निर्धोक असते असे नाही. त्यातल्या रेझिनची, म्हणजे रंगाला चिकटपणा देणाऱ्या राळेसारख्या पदार्थाची, अॅलर्जी असेल तर ती बऱ्याचदा बोटांवर न दिसता पापण्यांवर दिसते, कारण आपण नकळत हात डोळ्यांना लावतो. तुझ्या पापण्यांना कधी खाज सुटली तर हे लक्षात ठेव.

म्हणून एवढे कर. येत्या सुट्टीला तुझा तोच लाल रंग घे. उजव्या हाताला नेहमीच्या पद्धतीने लाव आणि डाव्या हाताला मी लिहिल्याप्रमाणे. फक्त एक लक्षात घे, उजव्या हाताचे काम जास्त असते, म्हणून पुढच्या खेपेला हात बदलून पुन्हा लाव. कोणत्या नखाचा टवका कितव्या दिवशी उडाला ते लिहून ठेव आणि मला कळव. संचाचे काय करायचे ते त्यानंतर ठरवू. तेव्हाही तुला तो हवासा वाटला, तर हेमा नसलेला आणि त्याच्याच दिव्यासह मिळणारा कोणता घ्यावा, हे आपण दोघी मिळून शोधू.

काकूंना माझा नमस्कार सांग. तुझ्या उत्तराची वाट पाहते.

तुझीच,
मैत्रीण