मिठी नदीची पातळी मोजण्याचा निधी राखा

मा. संपादक,

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला गेला. आमच्या कुर्ल्याच्या चाळीत मात्र मिठीचं पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हाच कळलं. सासूबाईंना आम्ही कसंबसं माळ्यावर चढवलं. भिंतीवरची त्या पाण्याची रेघ मी अजून रंगवू दिलेली नाही.

विहार आणि पवई तलाव भरून वाहू लागले, की ते पाणी मिठीतच येतं. त्यात भरती असली, तर माहीमच्या खाडीत ते शिरणार कसं? म्हणून नुसता पाऊस मोजून भागत नाही, नदीची पातळीही सतत मोजावी लागते. नदीकाठच्या क्रांतीनगर वस्तीतल्या लोकांना कधी हलवायचं, हे त्या आकड्यावरूनच ठरतं. आणि यंत्र एकदा बसवलं की झालं, असं मुळीच नाही. गाळ, प्लास्टिक, गंज, मिठीत काय नाही! ते पुसायला, बॅटरी बदलायला, आकडा मोजपट्टीशी ताडून बघायला माणूस लागतो, तोही बारा महिने.

महापालिकेने आणि राज्य सरकारने या देखभालीच्या तरतुदीला कात्री लावू नये. पातळीचे आकडे आम्हालाही मोबाइलवर दिसावेत. त्या रेघेखाली आता माझी नातवंडं झोपतात.

– एक निवृत्त शिक्षिका, कुर्ला (पश्चिम)