डॉ. श्रीराम लागू यांना, आवाजाबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर,

तुम्ही आज आमच्यात नाही, तरी हे पत्र तुम्हालाच. पुण्यात आणि टांझानियात टबोऱ्याला नाक-कान-घशाचे सर्जन म्हणून काम केल्यावर, चाळिशी उलटली असताना, १९६९ मध्ये तुम्ही पूर्णवेळ नट झालात. त्या धाडसाचं कौतुक पुष्कळांनी केलंय. आम्हा रंगकर्मींना आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीचे. आवाज ही दैवी देणगी मानणाऱ्या या व्यवसायात तुम्ही त्याच्याकडे शरीराचं काम म्हणून पाहिलंत, वाचिक अभिनयावर, म्हणजे आवाजातून आणि बोलण्यातून करायच्या अभिनयावर बोललात, पुस्तक लिहिलंत.

स्वरतंतू दिसत नाहीत म्हणून नट त्यांना गृहीत धरतो. तुम्ही ते पाहिले होते. रुग्णाची जीभ पट्टीत धरून बाहेर ओढायची, छोटा आरसा वाफ धरू नये म्हणून आधी कोमट करायचा, घशात मागे टेकवायचा आणि रुग्णाला 'ई' म्हणायला लावायचं, की ते मिटताना दिसतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यातही ते सेकंदाला शंभराहून जास्त वेळा एकमेकांवर आपटतात. मागच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून गळ्याच्या शिरा ताणून ओरडलं की हा मार वाढतो. आधी सूज येते. प्रयोगामागून प्रयोग तेच चाललं तर जिथे टक्कर सगळ्यात जोरात बसते, म्हणजे तंतूंच्या पुढच्या एक तृतीयांश भागाच्या टोकाशी, तिथे गाठी धरतात. मग तंतू पुरते मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते, आवाज घोगरा होतो, आणि तो घोगरेपणा झाकायला नट आणखी जोर लावतो. विंगेतले उपायही बहुतेक चुकीचेच. सारखं खाकरलं की तंतू पुन्हा एकमेकांवर आदळतात. कुजबुजल्यानं घशाला आराम मिळत नाही, त्यासाठी गप्पच बसावं लागतं. एंट्रीच्या आधीचा घोटभर पाण्याचा आधार तोंडापुरता, कारण ते पाणी अन्ननलिकेत जातं आणि स्वरतंतूंना लागतही नाही. त्यांच्यासाठी दिवसभर पाणी पोटात जायला हवं.

'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा. तुम्ही तेव्हा ४३ वर्षांचे होतात आणि गणपतराव बेलवलकर थकलेले म्हातारे. म्हातारपण दाखवायला नवखा नट आवाज चिरका करतो, मध्येच श्वास तोडतो. शिरवाडकरांच्या लांबलचक स्वगतांत ते परवडत नाही, दोन पानांत घसा बसतो. शिवाय मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही तिथेच. 'मी इथून जाणार' एवढं खणखणीत आलं आणि 'नाही'वर श्वास संपला, तर शेवटच्या रांगेतला प्रेक्षक उलटा अर्थ घेऊन घरी जातो. म्हणून श्वास संपायची वाट पाहू नये. अर्थाचा तुकडा पुरा झाला की खांदे न उचलता, बरगड्या पसरून, पोट सैल सोडून तो भरून घ्यावा, आणि शेवटच्या दोन शब्दांसाठी हातचा राखावा. तुमच्या स्वगतांची ध्वनिमुद्रणं आम्ही नव्या मुलांना ऐकवतो ती याचसाठी. गणपतराव कोसळत असतात, पण त्यांचं वाक्य शेवटच्या अक्षरापर्यंत उभं असतं.

कॅमेऱ्यासमोर हे सगळं आवरतं घ्यावं लागतं. माइक जवळ आला की नाट्यगृहासाठी कमावलेली फेक आरडाओरडा वाटते, आणि क्लोजअपमध्ये भुवई जरा उचलली तरी ती पडदाभर होते. 'सामना'तला मास्तर आणि 'सिंहासन'मधले अर्थमंत्री दाभाडे लागोपाठ पाहिले की तुमचं मोजमाप कळतं. 'सामना'त निळूभाऊ फुल्यांसमोर मास्तर प्रश्न विचारत राहतो, तर दाभाडे फार काही न सांगता डाव मांडत बसतात. हिंदीतल्या कामांविषयी इथे लिहीत नाही, 'घरौंदा'ची फिल्मफेअरनं दखल घेतलीच. आमच्या मते तुमचं खरं मोठं काम मराठीतच आहे.

आणखी एका गोष्टीचे आभार. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, आणि त्यासाठी तुम्ही नामवंत नटांबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केलेत, स्वतः मानधन न घेता. गाजलेल्या नटांच्या तारखा जुळवणं म्हणजे काय असतं, हे दौरे लावणाऱ्यालाच ठाऊक. एकाचं शूटिंग एका दिवसानं पुढे सरकलं की थिएटरची तारीख, बस, नेपथ्याचा ट्रक, विकलेली तिकिटं, सगळंच अडकतं. स्वतःची कामं सांभाळून तुम्ही सगळ्यांनी हे निभावलंत. निधीला पैसा मिळाला, आणि नटाचं नाव कशासाठी वापरता येतं हे आम्हाला कळलं.

कृतज्ञतापूर्वक,
रंगभूमीवर काम करणारे आम्ही